दादासाठी कद्दिश

चहाची दुसरी फेरी झाली तरी दहावा पुरुष आला नव्हता.

अंबरनाथमध्ये पूर्वी ही अडचण कुणाला ठाऊक नव्हती. फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये नुसती हाक मारली की पाहिजे तेवढे बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, पुरुष गोळा व्हायचे. त्यातले निम्मे न बोलावताही यायचे, कारण अष्टमकरांच्या घरचं नारळाच्या दुधातलं मटण. आता कुणी इस्रायलला गेले, कुणी ठाण्याला, कुणी कबरस्तानात. उरलेल्यांना आठवडाभर आधीपासून फोन करायचे, आदल्या रात्री पुन्हा आठवण द्यायची आणि सकाळी दाराकडे डोळे लावून बसायचं. दहा पुरुष जमल्याशिवाय कद्दिश, म्हणजे मेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही, आणि कद्दिश म्हटल्याशिवाय मेलेल्या माणसाचं वर्ष पुरं होत नाही.

शालोम अष्टमकर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होता. त्याच्या मांडीवर झेरॉक्सचा एक मोठा कागद होता आणि ओठ हलत होते. रात्री झोप नव्हती. आता तर सगळं लवकर उरकावं आणि आडवं व्हावं एवढंच त्याला वाटत होतं. तरीही कागद हातातून सुटत नव्हता.

आज एलिझरदादाचं वर्ष होतं. दादा गेला तो तिकडे इस्रायलला, डिमोनात, मुलाच्या घरी. आपल्यात मयत ठेवत नाहीत. सकाळी गेलेला दादा दुपारी मातीत होता, आणि अंबरनाथला फोन आला तेव्हा लोक कबरस्तानातून परतलेसुद्धा होते. त्या वेळी शालोमने पंखा पुसायला काढला होता. फोन ठेवून त्याने तो पुसून पुरा केला, पाती पुन्हा बसवली, आणि मग बायकोला सांगितलं. फ्लोरा त्यावरून त्याला अजून बोलते. पण करण्यासारखं दुसरं होतं काय? खांदा द्यायचा राहिला, मूठभर माती टाकायची राहिली. बाप गेला तेव्हा कबरीच्या डोक्याशी उभं राहून दादाने पुस्तकातून वाचलं होतं आणि धाकटा शालोम मागे उभा राहून नुसतं ‘अमेन’ म्हणत होता. जन्मभर हेच चाललं. वाचायचं दादाने, अमेन म्हणायचं शालोमने. दादाला शेवटचं काही द्यायचं तर ते आपल्या तोंडानेच, एवढं त्याने त्या दिवशी ठरवून टाकलं. दादाच्या वर्षाला कद्दिश मी म्हणणार. एकटा म्हणणार, आणि हिब्रू अक्षरं वाचून म्हणणार.

ठरवणं सोपं होतं. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत असताना, हिब्रू वाचायला शिकणं म्हणजे काय हे घरात सगळ्यांना कळलं. शिकवायला भाची होती. बदलापूरच्या सेगुलाअक्काची मुलगी अवीवा तिकडे काही वर्षं म्हाताऱ्यांची शुश्रूषा करून परत आली होती आणि हिब्रू फाडफाड बोलायची. रविवारी ती अंबरनाथला यायची आणि मामा-भाची ओट्याशेजारच्या टेबलाशी बसायची.

अक्षरं शालोमने महिन्याभरात पाठ केली. जीव घेतला तो टिंबांनी. हिब्रूचं अक्षर आपणहून मुकंच असतं, त्याला आवाज देतात खालची टिंबं आणि रेघा. मराठीत काना, मात्रा, वेलांटी अक्षराला चहूबाजूंनी धरून असतात, दुरूनही दिसतात. इथे सगळा कारभार अक्षराच्या पायाशी, तोही मुंगीएवढा. आडवी रेघ म्हणजे पताह, तिचा ‘आ’. त्याच रेघेला खाली शेपटी फुटली की कामात्स, त्याचाही बहुतेक वेळा ‘आ’च. दोन टिंबं शेजारी शेजारी असली तर त्सेरे, एकाखाली एक असली तर श्वा, आणि हा श्वा कधी बोलतो, कधी गप्प बसतो. तीन टिंबांचं ते सेगोल. ते मात्र शालोमला पहिल्याच दिवशी लक्षात राहिलं. अक्काचं नाव घेतलं की आठवायचं, आणि अक्काला चिडवायलाही बरं पडायचं.

“मामा, श्वा आहे तो, त्सेरे नाही. पुन्हा,” अवीवा म्हणायची.

मामा पुन्हा म्हणायचा. पुन्हा चुकायचं. फ्लोरा भाजी निवडता निवडता म्हणायची की अहो, आपल्याकडे सगळं मराठी अक्षरांत लिहिलेलं आहे की, तुमच्या वडिलांपासून सगळे त्यावरूनच म्हणतात, देवाला काय कळत नाही? शालोम पुढचा शब्द घ्यायचा. मराठी अक्षरांत वाचलेलं दादा वाचन मानायचाच नाही.

शेवटी त्याने आपल्या पद्धतीने मार्ग काढला. फॅक्टरीच्या टूलरूममध्ये उभी हयात गेलेली. पितळेची एक पातळ पट्टी घेतली, तिच्यात कानशीने चौकोनी खिडकी पाडली. एक शब्द आणि त्याची टिंबं बसतील एवढीच. पट्टी उजवीकडून डावीकडे सरकवायची, खिडकीत आलेला शब्द वाचायचा, पुढे जायचं. बाकीचं पान झाकलेलं असलं की घाबरायला होत नाही.

पानही मोठं करून आणलं होतं. पुस्तकात कद्दिश ठिकठिकाणी होता. शालोमने मागचा, मयताच्या प्रार्थनांचा भाग उघडला. मेलेल्यासाठी म्हणायचं ते मेलेल्यांच्याच भागात असणार, हा त्याचा हिशोब. सुरुवातीचे शब्द लहानपणापासून कानावरचेच होते, म्हणजे पान बरोबर. उल्हासनगर कॅम्प एकला ओळखीच्या लछमनदासचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्याने ते पान दुप्पट, मग चौपट करून दिलं. कागद उलटसुलट करून पाहत तो म्हणाला की साईं, ये भी हमारी सिंधी जैसा उलटी तरफ से, नीचे जेर-जबर की निशानियाँ भी है. बाबा जिवंत होते तोवर ते असलं वाचायचे, आता आमच्या घरात कुणाला येत नाही. त्याने चांगला जाड कागद वापरला.

अवीवाने त्या पानावरून महिनोन् महिने उच्चार करून घेतले. तिचं हिब्रू औषधांचं, सूपचं, चादरी बदलण्याचं. कद्दिश असतो अरामीत, म्हणजे दुसऱ्याच एका जुन्या भाषेत. अक्षरं आणि टिंबं तीच, म्हणून तिला वाचता यायचा, पण अर्थ तिला शालोमइतकाच कळत होता.

आणि आज तो दिवस उजाडला होता, आणि दहावा पुरुष, म्हणजे वांगणीला कोंबड्या पाळणारा सायमन, अजून येत नव्हता.

ठाण्याहून आलेले नागावकर हझान खुर्चीवरून उठले. हझान म्हणजे प्रार्थना चालवणारा. माणूस सत्तरीचा, मऊ बोलणारा, पण त्याला संध्याकाळी भायखळ्याला आणखी एक काम होतं. त्यांनी विचारलं की माणसं पुरी होईतो एवढं तरी ठरवून ठेवू, कद्दिश कोण म्हणणार?

“मी,” शालोम म्हणाला.

“मी,” बेंझी म्हणाला.

दोघे एकदमच बोलले. बेंझी म्हणजे दादाचा एकुलता मुलगा, चार दिवसांपूर्वी डिमोनाहून आलेला. वर्ष अंबरनाथलाच करा असं दादा सांगून गेला होता. चाळिशीतला, टक्कल पडलेला, दिवाणाच्या कोपऱ्यात अर्धवट डोळे मिटून बसलेला. आल्यापासून तो फारसा कुणाशी बोलला नव्हता. विचारलं की हो म्हणायचा, जेवायचा, झोपायचा. फ्लोरा म्हणे प्रवासाचा शीण. अक्का म्हणे हा शीण प्रवासाचा नाही.

“मुलगा असताना भावाने म्हणायचं?” पाहुण्यांपैकी कुणीतरी हळूच म्हटलं.

हझान म्हणाले यात भांडण्यासारखं काही नाही, दोघांनी मिळून म्हणा, चालतं. झालं, सगळ्यांच्या माना हलल्या. शालोमची हलली नाही. दोघांनी म्हणायचा म्हणजे बेंझी झरझर पुढे जाणार, आणि आपण पट्टी सरकवेपर्यंत तिकडे अमेन झालेलं असणार. म्हणजे पुन्हा मागे उभं राहून अमेनच म्हणायचं. हे त्याने मनात म्हटलं. तोंडाने एवढंच म्हणाला की मला एकट्याला म्हणायचंय, बेंझीने नंतर म्हणावा.

आणि मग घराने बाजू घेतल्या. फ्लोरा आधीपासून मराठी अक्षरांच्या बाजूची. ती म्हणाली की दोनदा कशाला, लोकांना घरी जायचंय, मटण गार होतंय. अवीवा मामाच्या बाजूने होती, पण तिचा आवाज थकलेला होता. कालच्या तालमीत मामा तीनदा अडखळला होता, ते तिला एकटीलाच माहीत होतं. सेगुलाअक्का वर्षभर शालोमच्या पाठीशी होती, बदलापूरहून मुलीला तीच पाठवायची. शालोमने तिच्याकडे पाहिलं.

अक्काने मांडीवरची फळांची परात बाजूला ठेवली.

“शालोम,” ती म्हणाली, “पोर एवढ्या लांबून आलंय. बाप त्याचा होता.”

“माझा भाऊ होता, अक्का.”

“माझाही होता. मला तर कुणी विचारत पण नाही, मी दहात मोजली जात नाही. मग काय करू? फळं कापते.”

शालोमला ते लागलं. अक्कानेच हात काढून घ्यावा हे त्याला अपेक्षित नव्हतं. वर्षभराच्या रविवारांचं ओझं एकदम अंगावर आल्यासारखं झालं, आणि क्षणभर वाटलं की सोडून द्यावं. कागद घडी करून खिशात टाकावा. म्हणू दे पोराला. दादाला तरी काय फरक पडणार आहे?

तेवढ्यात सायमन आला. स्कूटरचं चाक बदलापूरच्या अलीकडे बसलं होतं, हात ग्रीसने काळे. आल्या आल्या त्याने सांगितलं की पिल्लांना लस टोचायला माणूस येणारे, मला पाऊण तासात निघायला पाहिजे. कुणी त्याला बस म्हटलं नाही. हात धुवून, डोक्याला टोपी घालून तो सरळ रांगेत उभा राहिला. दहा झाले.

प्रार्थना सुरू झाली. हझानांचा आवाज जुना, भरलेला. फळांवर आशीर्वाद झाले, सब्ज्याची डहाळी हातोहात फिरली आणि प्रत्येकाने तिचा वास घेतला. शालोमला कशाचाच वास आला नाही. सगळं संपत आलं तसे हझान बेंझीकडे वळले.

बेंझी शालोमकडे बघत होता, शालोमच्या हातातल्या पितळी पट्टीकडे. आल्यापासून पहिल्यांदाच तो नीट जागा झालेला दिसला.

“काकांना म्हणू दे,” तो म्हणाला. “एकट्याला. मी नंतर म्हणतो.”

कुणातच विरोध करण्याइतका उत्साह उरला नव्हता. शालोम पुढे गेला. पश्चिमेकडच्या भिंतीशी, येरुशलेमच्या दिशेने तोंड करून उभा राहिला. कागद वहीच्या पुठ्ठ्यावर लावलेला होता. त्यावर त्याने पट्टी ठेवली. कागद हलू नये म्हणून कोपर छातीला टेकवलं, टूलरूममध्ये मापं घेताना टेकवायचा तसं.

“यितगदाल,” त्याने वाचलं.

खालचं टिंब, मग श्वा, मग रेघ. पट्टी सरकली. पुढचा शब्द. त्याच्या पुढचा. पहिल्या ओळीवर सगळ्यांचं अमेन आलं, भक्कम आणि सवयीचं. तो पुढे वाचू लागला. त्सेरे बरोबर आला. श्वा गप्प बसायचा तिथे गप्प बसला. अवीवा दाराच्या चौकटीत उभी राहून ओठांनी तेच शब्द म्हणत होती. तालमीत कधी झालं नव्हतं इतकं स्वच्छ होत होतं. आवाज मोठा नव्हता, पण एकेक शब्द पुरा उच्चारला जात होता.

आणि त्याला जाणवलं की मागे काहीतरी बिनसलंय. माणसं चुळबुळत होती. कुणीतरी मध्येच अमेन म्हणायला गेलं आणि थांबलं. मग हझानांचा हात त्याच्या मनगटावर आला, हलकाच.

“शालोम, थांब जरा.”

“चुकलं कुठे?”

“वाचायला नाही चुकलास. वाचलंस फार छान.” हझानांनी कागद वाकून पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिला. “पान चुकलंय बाबा. हा कद्दिश तो नाही. सुरुवात सारखी आहे, पुढे वेगळा आहे. हा दफनाचा. मयत मातीत ठेवलं की कबरीपाशी म्हणायचा असतो. वर्षाला हा म्हणत नाहीत.”

सायमनने घड्याळ पाहिलं आणि पाहिल्याबद्दल त्याला स्वतःलाच बरं वाटलं नाही. शालोम पट्टीकडे बघत उभा राहिला. खिडकीत एक शब्द होता, त्याच्याखाली त्याची टिंबं. प्रत्येक टिंब त्याला माहीत होतं. सगळे रविवार, दुखलेले डोळे, फ्लोराचं बोलणं, सगळं या एका पानावर खर्च झालं होतं, आणि पानच भलतं. त्याला राग आला नाही. रागाला लागतं तेवढंही अंगात नव्हतं. शिकवताना माझ्या लक्षात कसं आलं नाही, असं काहीतरी अवीवा दारातून पुटपुटली. हझानांनी आपलं पुस्तक उघडून बरोबर पान काढलं आणि बेंझीपुढे धरलं.

बेंझीने पुस्तक घेतलं नाही.

“हा तिथे म्हणायचा होता ना?” त्याने विचारलं. “बाबांना ठेवलं तेव्हा?”

“हो. तू म्हटला असशील की.”

“नाही.” बेंझी खाली बघून बोलत होता. “मला येतं सगळं वाचायला. वीस वर्षं तिथे राहतोय, पेपर वाचतो. त्या दिवशी कागद हातात दिला आणि तोंडच उघडलं नाही. सगळे थांबले होते. ऊन केवढं होतं. मग तिथला दफनाचा माणूस होता एक, त्याने म्हटला. बाबांचं नावसुद्धा त्याला कुणीतरी सांगितलं. तुम्हाला फोनवर सगळं झालं म्हणून सांगितलं, झालंच होतं तसं. पण घरच्या कुणी म्हटला नाही, काका. मी नाही म्हटला.”

अक्का आतल्या खोलीच्या दारात आली होती. तिने पदर तोंडाशी धरला. शालोमला वाटलं आता ती भाच्याला बोलेल, नाहीतर जवळ घेईल. तिने दोन्ही केलं नाही.

“मग राहिलेलाच आहे तो,” ती म्हणाली.

हझान घोटाळले. त्यांनी पुस्तक मिटलं, उघडलं. म्हणाले की वर्ष झाल्यावर असं करत नाहीत, मी तरी कुठे पाहिलेलं नाही, ठाण्याला कुणाला विचारलं तर मला वेड्यात काढतील. मग त्यांनी खोलीतल्या थकलेल्या दहा चेहऱ्यांकडे एक नजर टाकली, आपला धरून त्यातले किती पुढच्या वर्षी असतील याचा बहुधा अंदाज घेतला, आणि बेंझीकडे पाहिलं. तो भिंतीला हात टेकून उभा होता.

“वाच, शालोम,” ते म्हणाले. “पहिल्यापासून वाच. आम्ही अमेन म्हणतो.”

शालोमने पट्टी पुन्हा उजवीकडे, पहिल्या शब्दावर आणली. बेंझी येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. शालोमला एकट्याला म्हणायचा होता, पण आता त्याने त्याला बाजूला केलं नाही. पुठ्ठ्याचं एक टोक बेंझीने धरलं, त्यामुळे कागद हलायचा थांबला. शालोम एक शब्द वाचायचा, आणि त्याच्या पाठोपाठ, त्याच्याच वेगाने, बेंझी तोच शब्द म्हणायचा. भराभर वाचता येणारा माणूस म्हाताऱ्याच्या पट्टीबरोबर शब्दाशब्दाला थांबत होता. मध्यावर कुठेतरी बेंझीचा आवाज फुटला आणि बंद पडला. शालोम थांबला नाही. अडखळला एकदा, टिंबं नीट पाहिली, मागे जाऊन शब्द पुन्हा घेतला. शेवटपर्यंत नेला. मागून अमेन आलं, या वेळी सगळ्यांचं एकत्र, आणि त्यात दाराकडून बायकांचंही.

नंतर कुणाला काय करायचं ते सुचेना. सायमन पिल्लांचं विसरून उभा होता. बेंझी रडत होता, वर्षभराचं एकदम, लहान पोरासारखं नाक ओढत, आणि शालोमने पट्टी खिशात घालून त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. दादाला आपण शेवटी माती दिली, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि पाय फार दुखत होते. फ्लोरा जेवायची पानं घ्यायला वळली.

“थांब, पानं घेऊ नकोस एवढ्यात,” अक्का तिला म्हणाली. “आधी दाराशी पाण्याची बादली ठेव, तांब्या ठेव. सगळे हात धुऊन घेऊ दे, मग बेंझी वर्षाचा म्हणेल. मातीहून आलोय आपण.”